तोळ्यातली एक गुंज : प्रोटॉनच्या अंतरंगाचा जालकावरील हिशेब

प्रतिनिधी, जळगाव/धुळे

जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा तोळा आता दहा ग्रॅमचा धरला जातो. जुन्या हिशेबाने तो ११.६६ ग्रॅमचा. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा, हे कोष्टक आजच्या पिढीला पाठ नसले तरी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी ते अजूनही सापडते. सुवर्णनगरी अशी ज्या गावाची ख्याती, तेथील गिऱ्हाईक काट्यावरच्या शेवटच्या मिलिग्रॅमबाबतही दक्ष असते. त्याच काट्यासमोर उभे राहून एक साधा प्रश्न विचारता येतो. आपण जे वजन करतो आहोत, ते नेमके कशाचे?

सोन्याच्या प्रत्येक अणूच्या केंद्रात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन असतात. भोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे वजन इतके अल्प, की तोळ्याच्या हिशेबात ते सोडून दिले तरी चालते. उरले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. त्या प्रत्येकात तीन क्वार्क असतात, हे आता शालेय पाठ्यपुस्तकांच्या वाचकांनाही ठाऊक आहे. तेव्हा तीन क्वार्कांच्या वजनांची बेरीज केली, की प्रोटॉनचे वजन मिळावे, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. कणभौतिकीत वस्तुमान दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मापाने सांगतात. या लेखापुरते त्याला आपण नुसते ‘एकक’ म्हणू. प्रोटॉनचे वस्तुमान ९३८ एकके आहे आणि त्यातील तीन क्वार्कांची बेरीज जेमतेम ९ एकके भरते. न्यूट्रॉनची अवस्था फारशी निराळी नाही. म्हणजे काट्यावर ठेवलेल्या ९६ गुंजा सोन्यापैकी क्वार्कांचे स्वतःचे वजन सुमारे एक गुंज. उरलेल्या ९५ गुंजा कोठून आल्या, हा हिशेब गेली पन्नास वर्षे जगभरातील शास्त्रज्ञ मांडत आहेत आणि त्यातील काही पाने मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत लिहिली गेली आहेत.

येथे एक कबुली देणे आवश्यक आहे. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज कणाच्या शोधाची घोषणा केली, तेव्हा आम्हा वृत्तपत्रवाल्यांनी ‘विश्वाला वस्तुमान देणारा कण सापडला’ असे मथळे दिले. ते अर्धसत्य होते, किंबहुना अर्ध्याहूनही कमी. हिग्ज क्षेत्रामुळे क्वार्क आणि इलेक्ट्रॉन यांना वस्तुमान मिळते, हे खरे. परंतु वाचकाच्या बोटातील अंगठीचे आणि खुद्द वाचकाचेही बहुतांश वजन तेथून येत नाही. ते येते क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या प्रबल बलाच्या ऊर्जेतून. ऊर्जा आणि वस्तुमान ही एकाच नाण्याची दोन रूपे आहेत, हे आइनस्टाइन यांचे सूत्र सोन्याच्या काट्यावर रोज सिद्ध होत असते. फक्त तशी पावती कोणी देत नाही.

कागद-पेन्सिल अपुरी का पडली?

मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे क्वार्कांची कल्पना मांडली. १९६८ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळविण्याचे प्रयोग झाले आणि प्रोटॉनच्या आत बिंदूसारखे काही कण आहेत, याचा पुरावा हाती लागला. पुढे १९७३ मध्ये डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलिट्झर यांनी दाखवून दिले, की क्वार्क एकमेकांच्या जितके जवळ येतील, तितके त्यांच्यातील बल क्षीण होते. या कार्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्वार्कांमध्ये बलाची देवाणघेवाण करणाऱ्या कणांना ग्लुऑन म्हणतात आणि या साऱ्या व्यवहाराच्या सिद्धांताला क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स, मराठीत पुंज वर्णगतिकी.

सिद्धांताचे समीकरण एका ओळीत मावते. अडचण ते सोडविण्याची आहे. विद्युतचुंबकीय बलाचा वाहक असलेला फोटॉन स्वतः विद्युतभारहीन असतो. त्यामुळे दोन फोटॉन एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. ग्लुऑनांचे तसे नाही. ते क्वार्कांना तर बांधतातच, शिवाय आपसातही गुंततात. दूर जाऊ पाहणाऱ्या दोन क्वार्कांमध्ये या क्षेत्राची जणू ताणलेली दोरी तयार होते आणि अंतर वाढले तरी तिचा ताण कमी होत नाही. हा ताण किती असावा? सुमारे पंधरा टन वजनाइतका! धुळ्याजवळून मुंबई-आग्रा महामार्गाने जाणारा माल भरलेला ट्रक डोळ्यांसमोर आणावा. तेवढ्या वजनाचा ताण, तोही प्रोटॉनच्या आतील दोन अदृश्य कणांमध्ये. एकटा क्वार्क आजवर कोणालाही सुटा का मिळाला नाही, याचे उत्तर या दोरीत आहे.

बल दुबळे असेल, तर गणितात एक सोय असते. आधी ढोबळ उत्तर काढायचे, मग त्यात लहान दुरुस्ती, मग त्याहून लहान, असे करत अचूक उत्तराकडे सरकायचे. प्रोटॉनच्या आकाराएवढ्या अंतरावर मात्र प्रत्येक दुरुस्ती आधीच्या उत्तराइतकीच मोठी निघते आणि ही पायरी-पायरीची युक्ती कोसळते. या समीकरणांच्या कुळातील एक मूलभूत प्रश्न काटेकोर गणिताने सिद्ध करणाऱ्यास अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० साली दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. ते अद्याप कोणीही मिळविलेले नाही.

केळीची बाग आणि गल्ली क्रमांक चार

कोंडी फोडली ती अमेरिकन शास्त्रज्ञ केनेथ विल्सन यांनी, १९७४ मध्ये. त्यांची सूचना ऐकायला अगदीच सरळ होती. अवकाश आणि काळ अखंड आहेत असे समजून समीकरण सुटत नसेल, तर त्यांचे तुकडे करावेत. अवकाशकालाऐवजी ठरावीक अंतरावरच्या बिंदूंची एक जाळी, म्हणजे जालक, कल्पावे आणि सिद्धांत त्या जालकावर लिहावा. विल्सन यांना १९८२ मध्ये नोबेल मिळाले ते अन्य कार्यासाठी, परंतु आज जगभरातील महासंगणकांचा मोठा वेळ त्यांच्या या कल्पनेवर खर्च होतो.

खानदेशातील वाचकाला जालक समजावून सांगण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. रावेर-यावल परिसरातील केळीची बाग पाहावी. साधारण पाच-पाच फुटांवर एकेक खोड, ओळीत, आणि ओळींमधून ठिबकच्या नळ्या. आता अशी कल्पना करावी, की नळ्या उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी टाकलेल्या आहेत. विल्सन यांच्या जालकात क्वार्क असतात ते खोडांच्या जागी, म्हणजे बिंदूंवर; आणि ग्लुऑन असतात ते दोन बिंदूंना जोडणाऱ्या नळ्यांमध्ये. चार खोडांमधला एक चौकोन घेऊन त्याच्या चारही नळ्यांतून एक फेरी मारली, की त्या ठिकाणच्या ग्लुऑन क्षेत्रात किती ऊर्जा आहे, ते कळते. सर्व चौकोनांची बेरीज म्हणजे संपूर्ण क्षेत्राचा हिशेब. विल्सन यांच्या मांडणीचे सौंदर्य असे, की अवकाशाचे तुकडे करूनही सिद्धांतातील मूळ सममिती तसूभरही मोडत नाही.

बाग दोन दिशांत पसरते. जालकाला चार दिशा लागतात, तीन अवकाशाच्या आणि एक काळाची. त्यासाठी धुळे शहराचे उदाहरण अधिक सोयीचे. धुळ्याच्या जुन्या पेठेत गल्ल्यांना क्रमांक आहेत. गल्ली क्रमांक चार म्हटले की रिक्षावाला पुढचा प्रश्न विचारत नाही. गल्ली क्रमांक, घर क्रमांक, मजला आणि घड्याळातील वेळ असे चार आकडे दिले, की एखाद्या घटनेचा पत्ता पूर्ण होतो. जालकावरील प्रत्येक बिंदूचा पत्ता असाच चार आकड्यांचा असतो. फरक एवढाच, की येथे दोन घरांमधील अंतर एक मीटरचे दहा कोटी भाग करून त्यातील एका भागाचे पुन्हा दहा कोटी भाग केल्यावर उरेल एवढे, किंवा त्याहून कमी असते. प्रोटॉनची त्रिज्या अशा साधारण आठ-नऊ घरांएवढी भरते.

आता आकडेमोड पाहू. अवकाशाच्या प्रत्येक दिशेला ६४ आणि काळाच्या दिशेला १२८ बिंदू, हे आजच्या काळातील एक मध्यम आकाराचे जालक. त्यात सुमारे ३ कोटी ३५ लाख बिंदू होतात. प्रत्येक बिंदूपासून चार नळ्या निघतात आणि प्रत्येक नळीवर नऊ संमिश्र संख्यांचा, म्हणजे अठरा साध्या संख्यांचा, एक चौकट-कोठा असतो. ग्लुऑन क्षेत्राचे एकच चित्र साठवायचे, तर सुमारे २४० कोटी संख्या लिहाव्या लागतात. क्वार्कचा मार्ग काढायचा, तर ४० कोटी ओळी आणि ४० कोटी स्तंभ असलेली समीकरणांची प्रणाली सोडवावी लागते, आणि ती एकदा नव्हे, लाखो वेळा. महासंगणक लागतो तो यासाठी.

शितावरून भाताची परीक्षा

एवढे करूनही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. पुंजयामिकीच्या नियमाप्रमाणे ग्लुऑन क्षेत्र एका विशिष्ट स्थितीत नसते. सर्व संभाव्य स्थितींचा एकत्र विचार करावा लागतो. त्या स्थिती इतक्या असंख्य आहेत, की विश्वाच्या वयाएवढा वेळ दिला तरी त्या सगळ्या तपासून होणार नाहीत. तेथे आपल्या घरातील जुनी रीत उपयोगी पडते : शितावरून भाताची परीक्षा. सर्व स्थिती न तपासता, ज्यांचे महत्त्व अधिक त्या स्थिती अधिक वेळा निवडल्या जातील अशा बेताने, काही शे किंवा काही हजार नमुने यादृच्छिकपणे घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. कॅसिनोसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरावरून या पद्धतीला मॉन्टे कार्लो असे नाव पडले. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत मायकेल क्रॉइट्झ यांनी १९७९-८० च्या सुमारास या पद्धतीने पहिली प्रभावी गणिते केली. त्यांनी वापरलेल्या काळातील बलाढ्य यंत्रापेक्षा आज महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या लॅपटॉपची क्षमता कितीतरी अधिक आहे.

भात ढवळलेला नसेल, तर वरचे शीत शिजलेले आणि तळाचे करपलेले असू शकते. जालकाच्या गणितातही हा धोका असतो. लागोपाठ घेतलेले नमुने एकमेकांसारखेच निघाले, तर सरासरी फसवी ठरते. म्हणून दोन नमुन्यांमध्ये संगणकाला बराच काळ ‘ढवळत’ ठेवावे लागते. शिवाय नमुन्यांचा नियम कडक आहे. चूक निम्मी करायची, तर नमुने चौपट घ्यावे लागतात. दहापट अचूकता हवी असेल, तर खर्च शंभरपट.

या गणितात आणखी एक चलाखी आहे आणि तिची किंमत पुढे मोजावी लागते. खऱ्या काळात गणित मांडले, तर अधिक-उणे चिन्हांच्या लाटा एकमेकींना खोडून टाकतात आणि हाती काही लागत नाही. म्हणून गणितात काळ ‘काल्पनिक’ केला जातो. काल्पनिक हा शब्द येथे गणितातील अर्थाने. तसे केल्यावर लाटांचे रूपांतर विझत जाणाऱ्या वक्रांत होते. जालकाच्या एका टोकाला प्रोटॉनचे तीन क्वार्क निर्माण करायचे, दुसऱ्या टोकाला ते नष्ट करायचे आणि मधल्या काळात हा संदेश किती वेगाने क्षीण होतो, ते मोजायचे. जड कणाचा संदेश लवकर विझतो, हलक्याचा सावकाश. त्या विझण्याच्या वेगातूनच वस्तुमान मिळते.

असा हिशेब बराच काळ अर्धामुर्धाच होता. हलक्या क्वार्कांचे गणित महाग पडते म्हणून शास्त्रज्ञ मुद्दाम जड क्वार्क घेऊन गणित करीत आणि मग उत्तर खऱ्या वजनाकडे ओढून नेत. नोव्हेंबर २००८ मध्ये बुडापेस्ट, मार्सेय आणि वुपर्टाल येथील गटाने ‘सायन्स’ नियतकालिकात सर्व त्रुटींचा ताळेबंद मांडून हलक्या कणांची वस्तुमाने प्रसिद्ध केली. प्रोटॉन-न्यूट्रॉनसाठी त्यांचे उत्तर ९३६ एकके होते. प्रयोगातील सरासरी ९३९. उत्तरातील अनिश्चितता तीन-चार टक्क्यांची होती, हेही त्यांनी लिहिले. २०१५ मध्ये याच परंपरेतील गणिताने न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किती जड, तेही काढले : १.५१ एकके, अधिक-उणे ०.२८; प्रयोग सांगतो १.२९. हा फरक नगण्य वाटेल. परंतु तो उलटा असता, तर एकटा प्रोटॉन टिकला नसता, हायड्रोजन झाला नसता आणि तापीला पाणीही नसते.

वजनाच्या पलीकडे

प्रोटॉनचे एकूण वजन काढणे ही पहिली पायरी. ते वजन आत कसे वाटले गेले आहे, हा खरा अंतरंगाचा प्रश्न. त्यासाठी जालकावर एक तिसरी कृती करतात. एका टोकाला प्रोटॉन निर्माण करायचा, दुसऱ्या टोकाला नष्ट करायचा आणि प्रवासाच्या मध्यावर त्याला एक टिचकी मारून पाहायचे. टिचकी विद्युतभाराची असेल, तर भार आत कसा पसरला आहे ते कळते. ऊर्जेची असेल, तर क्वार्क आणि ग्लुऑन यांनी ऊर्जा कशी वाटून घेतली ते कळते.

अमेरिका आणि चीनमधील शास्त्रज्ञांच्या एका गटाने २०१८ मध्ये असा वाटणीचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यानुसार प्रोटॉनच्या वस्तुमानापैकी सुमारे ३२ टक्के क्वार्कांच्या धावपळीच्या ऊर्जेतून, ३६ टक्के ग्लुऑन क्षेत्राच्या ऊर्जेतून आणि २३ टक्के एका शुद्ध पुंज-परिणामातून येतात. उरलेले ९ टक्के क्वार्कांच्या वस्तुमानाशी निगडित आहेत. चाणाक्ष वाचक येथे थबकेल. वर आपण एक टक्का म्हटले होते, मग हे नऊ कोठून? एक टक्का ही फक्त तीन क्वार्कांची साधी बेरीज होती. प्रोटॉनच्या आत क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोड्या सतत जन्मतात आणि विरतात. त्यात स्ट्रेंज जातीचे जड क्वार्कही असतात. तो सगळा घोळका धरला, तर गुंजेच्या साडेआठ गुंजा होतात. तोळा मात्र तरीही ९६ गुंजांचाच. उरलेल्या साडेसत्याऐंशी गुंजा गतीच्या आणि क्षेत्राच्या.

परिवलनाची कथा याहून चुरशीची आहे. प्रोटॉन स्वतःभोवती फिरणाऱ्या भोवऱ्यासारखा वागतो. या गुणाला परिवलन म्हणू. रुग्णालयातील एमआरआय यंत्र चालते ते प्रोटॉनच्या याच गुणावर. हे परिवलन तीन क्वार्कांच्या परिवलनांची बेरीज असावे, असे सारेच धरून चालले होते. १९८८ मध्ये सर्न येथील एका प्रयोगाने दाखविले, की क्वार्कांचा वाटा फारच थोडा आहे. भौतिकशास्त्रात या प्रकरणाला सरळ ‘परिवलन-संकट’ असे नाव पडले.

या संकटावर जालकाच्या मार्गाने उत्तर शोधणाऱ्यांत नीलमणी माथुर हे नाव महाराष्ट्रातील वाचकांनी लक्षात ठेवावे असे आहे. पुढे टाटा संस्थेत प्राध्यापक झालेल्या माथुर यांनी २००० साली सहकाऱ्यांसमवेत प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात क्वार्कांच्या कक्षीय फिरण्याचा वाटा जालकावर काढला होता. त्यांच्या गणिताप्रमाणे प्रोटॉनच्या परिवलनापैकी सुमारे ६० टक्के क्वार्कांमुळे येते. त्यातही निम्म्याहून अधिक, म्हणजे एकूणाच्या ३४ टक्के, क्वार्कांच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यातून नव्हे, तर प्रोटॉनच्या आत घिरट्या घालण्यातून. उरलेले ४० टक्के ग्लुऑनांच्या खात्यावर. त्या काळी संगणकाची ताकद तोकडी होती, गणितात काही सोपी गृहीतके धरावी लागत आणि अनिश्चितताही मोठी होती. २०१७ मध्ये युरोपातील एका गटाने क्वार्कांची खरी वजने वापरून हा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा क्वार्कांच्या स्वतःच्या परिवलनाचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास आला आणि सर्व वाटे मिळून बेरीज अनिश्चिततेच्या मर्यादेत पूर्ण भरली.

काल्पनिक काळाची किंमत मोजावी लागते, असे वर म्हटले, ती येथे. प्रयोगात प्रोटॉन प्रकाशाच्या वेगाजवळ धावत असतो आणि त्यातील प्रत्येक क्वार्क एकूण संवेगाचा किती हिस्सा वाहून नेतो, ते मोजले जाते. हे वाटप खऱ्या काळाशी इतके जोडलेले आहे, की काल्पनिक काळाच्या जालकावर ते थेट दिसतच नाही. अनेक वर्षे शास्त्रज्ञ केवळ त्याच्या सरासऱ्या काढून समाधान मानत होते. २०१३ मध्ये शियांगडोंग जी यांनी वाट सुचविली : प्रोटॉनला जालकावर शक्य तितका वेग द्यावा, एकाच क्षणी त्याचे चित्र घ्यावे आणि मग ठरावीक गणिती दुरुस्ती करून ते प्रयोगातील वाटपाशी जुळवावे. तेव्हापासून या क्षेत्रात शोधनिबंधांचा पूर आला आहे. मात्र वेग वाढवला की आकडेमोडीतील गोंगाटही वाढतो, ही डोकेदुखी कायम आहे.

कुलाब्यातील यंत्रे

संगणक आणि टाटा संस्था यांचे नाते जुने आहे. देशी बनावटीचा टिफ्रॅक हा संगणक तेथे १९६० मध्ये सुरू झाला. पुढे १९९१ मध्ये पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार केला. जालकाच्या गणितासाठी देशातील शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन ‘इंडियन लॅटिस गेज थिअरी इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम उभारला आणि टाटा संस्थेच्या आश्रयाने क्रे एक्स-१, ब्लू जीन/पी, क्रे एक्ससी-३० अशी यंत्रे एकामागून एक कामाला लावली.

या यंत्रांवर झालेल्या कामाची एक शाखा प्रोटॉन वितळविण्याची आहे. प्रोटॉन पुरेसा तापविला, तर त्याच्या भिंती विरघळतात आणि क्वार्क-ग्लुऑनांचे मोकळे सार उरते. राजीव गवई आणि सौरेंदू गुप्ता या टाटा संस्थेतील जोडीने हे स्थित्यंतर घनतेनुसार कसे बदलते आणि त्यात एखादा निर्णायक बिंदू आहे का, याचा माग अनेक वर्षे काढला. २००५ मधील त्यांचा शोधनिबंध या विषयात वारंवार उल्लेखिला जातो. दाट द्रव्याचे गणित करताना मॉन्टे कार्लो पद्धत साफ कोलमडते, कारण नमुन्यांची ‘संभाव्यता’च उणे किंवा संमिश्र होऊ लागते. त्या दोघांनी शून्य घनतेवर गणित करून तेथून श्रेणीने पुढे जाण्याचा मार्ग धरला. २०११ मध्ये सौरेंदू गुप्ता, बेदांगदास मोहंती आणि परदेशी सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये जालकावरील आकडे आणि अमेरिकेतील प्रयोगाचे आकडे शेजारी ठेवून स्थित्यंतराचे तापमान १७५ एकके सांगितले. अंशांत म्हणायचे, तर सुमारे दोन लाख कोटी! मे महिन्यात ४५ अंशांवर तडफडणाऱ्या जळगावकरांना त्याची कल्पनाही करवणार नाही. त्यानंतरच्या अधिक बारीक जालकांवरील गणितांनी हा आकडा १५६-१५७ पर्यंत खाली आणला आहे. या शास्त्रात जुने उत्तर सुधारले जाणे ही नामुष्की मानली जात नाही.

दुसरी शाखा न सापडलेल्या कणांची. मार्च २०१७ मध्ये सर्नच्या एका प्रयोगगटाने ओमेगा-सी कुळातील पाच नवे कण एकदम जाहीर केले. कण दिसले, पण त्यांचे परिवलन आणि अंतर्गत रचना काय, हे प्रयोगाला लगेच सांगता येईना. एम. पद्मनाथ आणि नीलमणी माथुर यांनी जालकावरील गणिताच्या आधारे त्या पाचही कणांची ओळख पटविणारा शोधनिबंध त्याच वर्षी प्रसिद्ध केला. सहा क्वार्कांच्या जड जोडकणांबाबतही टाटा संस्थेतून भाकिते झाली आहेत. परीक्षा प्रयोगाने घ्यायची आहे.

भरवसा किती ठेवावा?

जो माणूस संगणकातून निसर्गाचे उत्तर काढतो, त्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जालक हे अखेर माणसाने कल्पिलेले. निसर्गात अशी जाळी असल्याचा पुरावा नाही. म्हणून एकच गणित निदान तीन वेगवेगळ्या अंतरांच्या जालकांवर करून, अंतर शून्य झाले तर काय येईल, याचा अंदाज घेतात. पेटी लहान असेल, तर प्रोटॉन स्वतःच्याच प्रतिबिंबाला धडकतो. म्हणून पेटीचा आकारही बदलून पाहतात. स्वतंत्र गट निरनिराळ्या मांडण्या वापरून तेच उत्तर काढतात. या सगळ्या तपासण्या न केलेला आकडा कितीही देखणा असला, तरी जाणकार त्याकडे पाठ फिरवितात.

या शिस्तीचा कस अलीकडेच लागला. म्युऑन या कणाच्या चुंबकीय गुणाचे मापन आणि सिद्धांत यांत तफावत आहे, म्हणजे अज्ञात कणांची चाहूल लागली, असे सांगितले जात होते. २०२१ मध्ये बुडापेस्ट-मार्सेय-वुपर्टाल गटाने जालकावरून क्वार्क-ग्लुऑनांचा वाटा पुन्हा काढला आणि तफावत बरीच आकसली. त्या वेळी अनेकांनी या आकड्याकडे संशयाने पाहिले. पुढे इतर गटांची गणितेही तिकडेच झुकली. २०२५ मध्ये सिद्धांतवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जालकाचाच आकडा आधारभूत मानला आणि त्याच वर्षी जूनमध्ये फर्मीलॅबचे अंतिम मापन आले, तेव्हा दोहोंत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. नव्या भौतिकीची आशा बाळगून बसलेल्यांचा विरस झाला. जुने प्रयोग निराळा आकडा का देत होते, याचे उत्तर मात्र अजून शोधले जात आहे.

जळगावच्या विद्यापीठातून अथवा धुळ्याच्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या क्षेत्रात पाऊल ठेवायचे असेल, तर आरंभी महासंगणक लागत नाही. दोन मितींचे लहान जालक आणि त्यावर साध्या चुंबकाचे प्रतिमान, एवढे घरच्या संगणकावर एका रात्रीत चालते. भारनियमनाचे वेळापत्रक तेवढे पाहून घ्यावे. त्यातून नमुने घेणे, सरासरी काढणे आणि चूक मोजणे, या तिन्ही गोष्टी हाताखालून जातात. प्रत्यक्ष संशोधनात वापरले जाणारे मिल्क, क्रोमा यांसारखे प्रोग्राम मोफत उपलब्ध आहेत. पुढील वाट टाटा संस्थेची प्रवेश परीक्षा किंवा जेस्ट या परीक्षांतून जाते. देशातील यंत्रांची संख्याही वाढते आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ मध्ये मंजूर झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथे परम रुद्र मालिकेचे तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले.

तिकडे ब्रुकहेवन येथे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांची टक्कर घडवून ग्लुऑनांचा नकाशा काढणारे नवे यंत्र उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. त्याची पहिली मापने पुढील दशकात अपेक्षित आहेत. ती येण्यापूर्वी ग्लुऑनांच्या वाट्याचे आकडे जालकावरून काढून ठेवायचे, अशी धडपड अनेक गटांची चालू आहे. क्वार्कांच्या मानाने ग्लुऑनांचे गणित फार गोंगाटाचे असते आणि म्हणून ९६ गुंजांच्या या हिशेबातील त्यांचेच रकाने अजून सर्वांत पुसट आहेत.